कपची उडालेलं भिंग आणि सोंडवाली माशी

मी एक जुनं भिंग आहे, आणि मी काहीही विसरलेलो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार गोड बोलतात. झालं गेलं सोडून देतात, सगळ्यांना आशीर्वाद देतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या काचेच्या कडेची एक कपची उडालेली आहे आणि ती कोणी उडवली त्याचं नाव मला पाठ आहे. सत्यजीत. आज तो पनवेलच्या खाडीकाठच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. रोज सकाळी पांढरे बूट घालून चालायला जातो आणि वॉचमनने सलाम केला नाही तर थांबून त्याच्याकडे बघत राहतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी तिथे काचा घासतात. मलाही घासलं, पुसलं आणि पितळेच्या दोन पाकळ्यांमध्ये बसवलं. बोटाने ढकललं की मी बाहेर येतो, पुन्हा ढकललं की आत जातो. बारीक वस्तू दहापट मोठी करून दाखवायची, एवढं एकच काम मला येतं. खोटं दाखवणं मला जमत नाही. तेवढं जमलं असतं तर सत्यजीतला मी केव्हाच बघून घेतलं असतं.

पनवेलच्या विनिताने कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा तिच्या वडिलांनी मला तिच्या हातात ठेवलं. इतर मुली फुलपाखरांमागे धावत होत्या. आमच्या विनिताबाईंना माश्या आवडायच्या! आईने कपाळावर हात मारला. "अगं, लोकांच्या मुली भरतकाम शिकतात. तू काय हे उकिरडे धुंडाळतेस?" पण विनिता ऐकणारी नव्हती. मला गळ्यात अडकवून ती खाडीवर जायची, आंब्याच्या मोहोराखाली उभी राहायची, मासळी बाजाराच्या मागे नाकाला पदर लावून बसायची. हिरवी माशी, निळी माशी, केसाळ माशी, पातळ कमरेची माशी. एकेक माशी टाचणीला लावून तिने खोकी भरली. खाली नाव आणि गाव लिहिलं. कॉलेजातले सर माझ्यातून बघून म्हणाले होते, "भिंग चांगलं आहे, आणि डोळा त्याहून चांगला आहे." ते माझे सुखाचे दिवस.

सत्यजीत तिचा धाकटा भाऊ. दुपारी ताई झोपली की हा मला पळवायचा आणि पाण्याच्या टाकीपाशी उन्हात बसायचा. मुंग्यांवर, माश्यांच्या पंखांवर माझ्यातून ऊन पाडायचा. पंख आधी वळायचा, मग चर्र व्हायचं. ते सगळं मी अगदी जवळून पाहिलं आहे. एके दिवशी ऊन ढगात गेलं आणि काही केल्या जळेना, तेव्हा चिडून त्याने मला दगडावर आपटलं. तेव्हा गेली ती कपची. ताईला म्हणाला, "मांजराने पाडलं."

पुढे विनिताचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. मला घेऊन गेली, पण माश्यांची खोकी माहेरीच राहिली. काही वर्षांनी सत्यजीतचंही लग्न झालं आणि त्या वर्षी त्याने ती खोकी होळीत टाकली. "घरात मेलेल्या माश्या ठेवल्या की लक्ष्मी येत नाही," म्हणाला. विनिता शिमग्याला माहेरी आली तेव्हा राखेत नुसत्या टाचण्या चमकत होत्या. तिने तिथेच बसून एकेक टाचणी वेचली आणि सासरी परत गेली. त्यानंतर तिने मला बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. किती वर्षं मी त्या डब्यात होतो, विचारू नका. आजूबाजूला शर्टाची बटणं, हूक आणि एक फुटकी बांगडी. मी तिथे पडून रोज त्याचं नाव घेत होतो.

विनिताचे यजमान वारले, मुलं परदेशी गेली आणि ती पनवेलला परत आली. घर मिळालं ते नेमकं भावाच्याच सोसायटीत. जिन्यात भेटले की तो म्हणायचा, "काय ताई?" ती म्हणायची, "काय सत्या?" बोलणं तेवढंच.

सोसायटीच्या भिंतीपलीकडे दाजींची मोकळी जागा आहे. दाजी म्हणजे तिथले जुने आगरी जमीनदार. त्या जागेवर कोळीवाड्यातली चंद्रावती जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळवते. पहाटे करंजाला जाते, बंदरावर लिलावात जवळा धरते, टेम्पोने आणते, मिठाचा हात लावून पसरते आणि वर बारीक जाळी घालते. तिची आईही तिथेच वाळवायची. चंद्रावतीचं तोंड फाटकं, पण माल असा की जाळी उचलली तर एक किडा सापडायचा नाही. विनिता तिच्याकडून दर आठवड्याला जवळा घ्यायची.

दिवाळी झाली आणि सोसायटीत बारीक माश्या दिसायला लागल्या. बाल्कनीतल्या कुंड्यांवर, बागेतल्या फुलांवर, भिंतीलगतच्या रानतुळशीवर. लोक कुरकुरले. सत्यजीतने चार माश्या वहाणेने मारल्या, एकीचा फोटो काढून मोबाइलला विचारलं. मोबाइलने सांगितलं, ब्लोफ्लाय. पुढे वाचलं तर ब्लोफ्लाय म्हणजे मेलेल्या जनावरावर, मासळीवर अंडी घालणारी माशी. झालं! साहेबांना गुन्हेगार सापडला. दुसऱ्याच दिवशी त्याने फवारणीवाला बोलावला. वारा भिंतीपलीकडे होता. सगळं औषध चंद्रावतीच्या जवळ्यावर गेलं.

चंद्रावतीने तो सगळा जवळा पाट्यांत भरला आणि खाडीत ओतला. लोकांना विष कसं विकणार? तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "आमच्या तोंडचा घास मातीत घातलान मेल्याने! त्याच्या गाडीत बांगड्यांची डोकी नाय कोंबली, त नावाची चंद्रावती नाय!"

मित्रांनो, खरं सांगतो, मला ती कल्पना फार आवडली. पण सत्यजीत तेवढ्यावर थांबला नाही. मेलेल्या माश्या जॅमच्या बाटलीत भरून तो दाजींकडे गेला. दाजींनी चंद्रावतीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बग बाय, तुजी आय हिथं वालवायची, तू वालवतंस. माजं काय म्हननं नाय. पन माशी तुज्या मासलीची ठरली, त जागा खाली करायची. नाय ठरली, त कोन तुना उठवतो ते मी बगतो. आयतवारी सगल्यांसमोर काय ता ठरव."

पनवेलमध्ये आता वाळवायला मोकळी जागा कुठे उरली आहे? ही जागा गेली तर चंद्रावतीचा धंदा बुडाला. ती तशीच विनिताकडे आली आणि दारात बसली. विनिताने तिला पाणी दिलं, आत गेली आणि बटणांचा डबा उघडला. पदराने मला पुसलं. माझ्या कडेवरून तिचा अंगठा फिरला आणि कपचीपाशी थांबला.

"चंद्रावती, गाडीत मासळीची डोकी टाकू नका," ती म्हणाली. "त्याचा उलटा तुमच्यावरच आळ येईल. रविवारपर्यंत थांबा. ह्याचा हिशेब मलाही करायचा आहे."

खाली सत्यजीतने वहाणेने मारलेली एक माशी पायरीवर पडली होती. विनिताने ती उचलून माझ्याखाली धरली. लहानशी, जवळ्यावर येणाऱ्या हिरव्या माशीच्या निम्मी. करडी, छातीवर बारीक ठिपके, तोंड पुढे आलेलं, सोंडेसारखं. विनिताचा श्वास माझ्या काचेवर पडला.

"ही ती नाहीच," ती पुटपुटली. "घराणं ब्लोफ्लायचंच, सत्याचा मोबाइल खोटं बोलला नाही. पण ही फुलांवरचा रस पिते. हिची पिल्लं मुंग्यांच्या वारुळाशी, टोळांच्या अंड्यांत कुठेतरी वाढतात म्हणे. पुरतं कुणालाच ठाऊक नाही. वाळल्या मासळीशी हिचं काही देणंघेणं नाही."

"मंग सांग ना जाऊन!"

"सांगून पटेल का? दाजी म्हणतील, माशी ती माशी. सोंड दाखवली तर सत्या म्हणेल, सगळ्याच माश्यांना सोंड असते. हिची खरी खूण डोळ्यांत आहे. जिवंत असताना डोळ्यांवर आडवे पट्टे असतात. मेली की पट्टे जातात. हिचे बघा, गेलेच."

तुम्हाला कळलं ना मित्रांनो, मेख कुठे होती? सत्यजीतची अख्खी बाटली मेलेल्या माश्यांची होती. त्यांच्या डोळ्यांत आता काही उरलं नव्हतं. जिवंत माशीच हवी होती आणि ती माझ्याखाली शांत बसायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठ्यात दोघी भिंतीलगत रानतुळशीपाशी गेल्या. गारठ्यात माश्या सुस्त असतात. एका मंजिरीवर ती बसली होती. विनिता गुडघ्यावर बसली, मला डोळ्याशी धरलं आणि श्वास रोखून पुढे सरकली. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी मी पुन्हा कामाला लागलो होतो. तांबूस डोळे आणि त्यांच्यावर एकाखाली एक गडद रेघा, जणू कोणी बारीक कुंचल्याने ओढल्या आहेत. विनिताच्या तोंडून "आहा!" निघालं. तिने हळूच मला चंद्रावतीच्या हातात दिलं. "बघा. अजिबात हलू नका."

चंद्रावती वाकली. मी तिच्या डोळ्याशी आलो. माशीने पुढचे पाय चोळले. आणि फाट! चंद्रावतीचा उजवा हात पडला.

अहो, जन्मभर जवळ्यापाशी बसून माश्या हाकणारा तो हात! त्याला कुठे कळतंय ही कोणती माशी ते? मंजिरीवर नुसता एक डाग राहिला.

"अगो बाय! मेली?" चंद्रावतीने हात मागे घेतला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "मी नाय मारली गो, हातानं मारली!"

विनिता हसावं की रडावं अशा तोंडाने मातीत बसून राहिली. आवाजाने बाकीच्या माश्या उडून गेल्या होत्या. उद्या पुन्हा येऊ, असं ठरलं. पण सत्यजीतने बाल्कनीतून दोघींना पाहिलं होतं. दुपारी माळी आला आणि त्याने भिंतीलगतची सगळी रानतुळस मुळापासून कापली. बागेतली फुलझाडंही छाटली. "सोसायटी स्वच्छ दिसली पाहिजे," असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. शनिवार उजाडला तेव्हा आवारात एक फूल शिल्लक नव्हतं.

एक जागा सोडून. सत्यजीतच्या बाल्कनीत त्याची बायको रमा हिची तुळस होती. पितळी कुंडीत, मंजिऱ्यांनी डवरलेली. तिला हात लावायची कोणाची छाती होती?

रविवारी सकाळी सत्यजीत पांढरे बूट घालून खाली उतरला आणि विनिताने त्याच्या दाराची बेल वाजवली. रमाने दार उघडलं. नणंदेच्या हातात रिकामी बाटली, गळ्यात मी.

"वहिनी, तुळशीपाशी जरा येऊ का?"

रमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाली. "या. आणि आत या की, चहा टाकते. हे अर्ध्या तासात येतील." बाल्कनीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ती खोकी होळीत टाकली ना ताई, त्या दिवशी मी नवीनच होते या घरात. मला बोलता आलं नाही."

विनिताने तिच्याकडे पाहिलं, मग तुळशीकडे. गारठलेल्या मंजिरीवर बाटली अलगद उपडी केली. माशी आत. चहा तसाच राहिला.

खाली जागेवर दाजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सोसायटीतली बरीच माणसं जमली होती, मुलं भिंतीवर चढून बसली होती. दाजींनी आधी स्वतः चंद्रावतीच्या जवळ्यावरची जाळी उचलून पाहिली. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मोठ्या हिरव्या माश्या घोंगावत होत्या, बारीक एकही नव्हती.

सत्यजीतने आपली जॅमची बाटली पुढे केली. "दाजी, हे सायन्सने सिद्ध झालेलं आहे. ब्लोफ्लाय. मेलेल्या मासळीवर वाढते."

"हिरवीही ब्लोफ्लायच आहे," विनिता म्हणाली, "आणि हीही. घराणं एक म्हणून स्वभाव एक असतो का रे सत्या? आपलंच बघ की."

माणसं हसली. सत्यजीतचे कान लाल झाले.

चंद्रावतीने मासळीचं थर्माकोलचं खोकं उघडलं. आत बर्फाचा चुरा होता. त्यावर कोरडी बशी ठेवली आणि बशीवर बाटली उपडी केली. गारव्याने माशी हळूहळू पाय आखडून बसली. जिवंत, पण उडण्याइतकं बळ नाही. विनिताने बाटली उचलली आणि मला गळ्यातून काढलं.

"आधी सेक्रेटरींनी बघावं," ती म्हणाली.

मित्रांनो, किती वर्षं मी या घटकेची वाट पाहिली होती! सत्यजीतचा हात माझ्याभोवती पडला. आता जाड झाला होता, बोटात पुष्कराज होता, पण हात तोच. त्याचा अंगठा कडेवरून सरकला आणि कपचीत अडकला. तो थबकला. ओळखलं होतं त्याने! ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. बशीवर माझ्यातून एक पांढरा ठिपका पडला आणि माशीच्या दिशेने सरकायला लागला.

"सावलीत धर," विनिता शांतपणे म्हणाली. "नाहीतर भाजेल. तुला माहीत आहे ते."

त्याने मला सावलीत ओढलं आणि डोळ्याला लावलं. त्याचा डोळा माझ्या इतका जवळ आला की पापणी काचेला लागली. मी त्याला दाखवलं. सगळं दाखवलं. सोंड दाखवली, ठिपके दाखवले आणि डोळ्यांवरचे पट्टे तर इतके लख्ख दाखवले की आयुष्यात कधी कोणाला दाखवले नसतील. त्याने ते पाहिले. त्याची बाहुली पट्ट्यापट्ट्यावर फिरताना मी पाहिली.

मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला काही दिसत नाही. साधी माशी आहे."

चंद्रावतीच्या तोंडून शिवी निघणार होती. विनिताने तिचा हात दाबला आणि मला दाजींकडे दिलं. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, आणि ओरडले, "आरं, या डोल्यांना त पट्टे हायत! लुगड्याच्या काठावानी! कोन म्हनतो दिसत नाय?"

मग काय, रांगच लागली. दुसऱ्या मजल्यावरचे काका, केरळचं जोडपं, वॉचमन, भिंतीवरची मुलं. जो बघायचा तो "पट्टे! पट्टे!" म्हणायचा. चंद्रावतीने जाळीवरची एक हिरवी माशी रिकाम्या बाटलीत धरली होती, तीही बशीवर काढून सगळ्यांनी पाहिली. तिचे डोळे नुसते तांबडे. कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, चष्म्याचा नंबर काढून घ्या." दुसरा म्हणाला, "की नंबर फक्त खोटं बोलताना वाढतो?" सत्यजीतने खाली पाहिलं. पांढऱ्या बुटांवर जवळ्याचं पाणी उडालं होतं.

"आणली कुठून ही?" त्याने शेवटी विचारलं.

"तुझ्या तुळशीवरून," विनिता म्हणाली.

त्याने वर पाहिलं. बाल्कनीत रमा उभी होती. "मीच दार उघडलं," ती वरून म्हणाली आणि तुळशीला पाणी घालायला लागली.

दाजी खुर्चीतून उठले. "वालव गो बाय," त्यांनी चंद्रावतीला सांगितलं. "आनि साहेब, ता फवारा परत माज्या जागेवर आला ना, त मशीन हिथंच ऱ्हाईल आनि तुमी मोकले घरी जाल. वतलेला जवला भरून द्यायचा, त्याबिगर माज्यासमोर यायचं नाय."

एव्हाना बर्फ वितळला होता आणि उन्हाने बशी तापली. माशीला जाग आली. ती उडाली आणि नेमकी जाऊन बसली चंद्रावतीच्या डाव्या मनगटावर. तिचा उजवा हात वर गेला. अगदी वर. मी विनिताच्या मुठीतून पाहत होतो. चंद्रावतीने दात आवळले आणि तो हात काखेत दाबून धरला.

"जा गो बाय, लवकर जा," ती माशीला म्हणाली. "माजा हात माजं ऐकत नाय."

माशीने निवांत पाय चोळले, तोंड पुसलं आणि भिंतीवरून उडून गेली.

दुसऱ्या दिवशी सत्यजीत विनिताच्या दारात आला. बूट नव्हते, साध्या चपला होत्या. "ताई," तो म्हणाला, "एकदा दे ना ते भिंग. ते पट्टे पुन्हा बघायचे आहेत. मघा... म्हणजे काल, लोकांसमोर मला..."

विनिता मला हातात घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता देते ही. मोठ्या बहिणी शेवटी देतातच. पण तिने उठून कपाटातून एक लहानशी डबी आणली आणि त्याच्या तळहातावर उपडी केली. गंजलेल्या टाचण्या. होळीच्या राखेतून वेचलेल्या.

"तुला काही दिसत नाही ना, सत्या?" ती म्हणाली. "मग भिंग कशाला हवं?" आणि बोटाने ढकलून तिने मला पितळेच्या आत मिटलं.

आतून मला तो दिसत नव्हता. पण तो बराच वेळ तिथे उभा होता, कारण टाचण्या हातात खुळखुळत होत्या. मला दया यायला हवी होती, नाही का? आली नाही.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. माशी दिसली की लगेच वहाण उचलू नका, आधी वाकून तिच्या डोळ्यांत बघा. भिंग वापरून झालं की पुसून, मिटून ठेवा. उन्हात उघडं टाकलं तर ते काय करू शकतं, हे सत्यजीतला विचारा. आणि कोणाची वस्तू फोडलीत तर खुशाल मांजरावर ढकला. ती वस्तू तुमची वाट पाहत बसेल.

विनिता परवा म्हणत होती, चष्म्याच्या दुकानात नेऊन माझी कड घासून घेऊ, कपची दिसणार नाही. तुमच्यापैकी कोणी तिला भेटलं तर सांगा, तेवढं करू नकोस. ती कपची माझी आहे.